तीनचं खालचं पोट

"गाडी पळते कुठं ते मागनं बघू. पयलं सांग, थांबते कुठं?"

हिराजीदादांच्या गॅरेजात इंजिनाचा कॅम बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हा प्रश्न विचारला जायचा. येणारा बहुतेक पंचवीस-तीस वर्षांचा, आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून पक्का झालेला. त्याला किती हॉर्सपॉवर पाहिजे ते सांगायची घाई असायची. आणि दादा विचारणार, रेल्वेच्या फाटकात किती वेळ उभा असतोस, एसी लावतोस का, बाजारातनं पयल्या गियरवर येतोस का दुसऱ्या. माणूस वैतागायचा. दादा कापडाने एकेक बोट पुसत उत्तराची वाट बघायचे.

आजही कंपनीत कोणी मला विचारलं, "मॅडम, गाडीला कॅम टाकायचाय, कुठला टाकू?" की माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो, आणि निघाला की मला राग येतो. हिराजीदादांना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्या दिवसकार्याला मी गेले नाही. सुट्टी होती, गाडी दारात उभी होती, तरी गेले नाही. त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर जाईन, असंही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

कुंभिवलीला हायवेच्या कडेने टायरवाल्यांची रांग आहे, तिच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. खोपोलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला हा माणूस. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी रिक्षा घेतल्या, कोणी शेतीकडे वळले, यांनी शेड टाकली. उंच, मानेत थोडे वाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी. गाडीला ते 'ती' म्हणत आणि इंजिनाला 'तो'. म्हणजे "तिचं सगळं बरं हाय, त्याचंच डोकं फिरलंय," असं बोलणं चालायचं आणि नवख्याला वाटायचं कोणाच्या तरी नवरा-बायकोची गोष्ट चाललीय. हॉर्नचा त्यांना भारी तिटकारा. शेडपुढे येऊन कोणी हॉर्न वाजवला की त्याच्याकडे पाठ फिरवून पुढची पंधरा मिनिटं ते एखादा नटच साफ करत बसणार.

ज्यांना कॅम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवणारा उंचवट्यांचा एक दांडा असतो, तो कॅम. उंचवटे मोठे केले की गाडी वरच्या वेगात सुसाट निघते. पण मग खालच्या वेगात ती कुरकुरते, उभ्या जागी थरथरते आणि फारच मोठा कॅम असेल तर ब्रेकचं पेडलसुद्धा जड होतं. रोज वापरायच्या गाडीला कॅम निवडायचा म्हणजे कशावर पाणी सोडायचं ते आधी ठरवायचं. ही समजूत घालण्यातच दादांचा निम्मा दिवस जायचा.

बाहेरून कॅम आला की त्याच्यासोबतचा कागद ते वाचतसुद्धा नसत. "कागदावर काय बी लिवतील. मी मापतो." प्रत्येक उंचवटा मापून, मग दांड्याच्या टोकाला ते आपला नंबर ठोकत. एक म्हणजे मूळ कॅमपेक्षा जरा तिखट, चार म्हणजे रस्त्यावर आणूच नये असा. नंबर मराठी आकड्यात. तरुणपणी टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतः कानस मारून आकडे ठोकायचे पोलादाचे ते पंच बनवले होते. "इंग्रजी आकडे सगल्यांचे सारके दिसतात गं," ते म्हणत, "माजा दोन आंधळ्याला पण वळखू येल." खोपोलीपासून नेरळपर्यंत ज्यांना गाड्यांचं वेड होतं, त्यांच्यात त्या ठोक्याला किंमत होती. त्या आकड्यावर कोणी शंका घेतल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भावाबरोबर. गाडी बाबांची, रिटायर होताना घेतलेली जुनी पेट्रोल सेडान. बाबा गेल्यावर नेरळ ते खोपोली रोज मीच ती चालवत होते, कंपनीच्या क्वालिटी खात्यात जायला. पण कुठल्याही गॅरेजात गेलं की मेकॅनिक बोलणार सुमेधशी. सुमेधला पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आहे हेही विचार करून सांगावं लागतं. हिराजीदादांनी दोघांकडे पाहिलं.

"चालवतंय कोन?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी सुमेधला खुर्ची दिली, पेपर दिला, आणि तासभर माझ्याशी बोलले. इंजिन, घाट, माझा उजवा पाय क्लचच्या वेळी काय करतो, सगळं. निघताना विचारलं, कामाला कुठं? मी सांगितलं. "म्हंजे दिवसभर मायक्रोमीटर हातात? अरे वा. आमची क्वालिटी आली." तेव्हापासून मी त्यांच्याकडे 'क्वालिटी' झाले. परत येताना सुमेध म्हणाला, असा मेकॅनिक सोडू नकोस. मी सोडणार नव्हतेच. बाईमाणूस म्हणून जराही वेगळं न वागवणारा माणूस मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी भेटला होता.

त्यांचा एक नियम होता. कॅम मागायला येणाऱ्याने पंधरा दिवस वहीत लिहायचं, रोज इंजिन चार हजार आरपीएमच्या वर किती मिनिटं फिरलं. वही बघून ते आपलं मत सांगत, तीनदा. तीन वेगवेगळ्या दिवशी. "तीनदा सांगनार. चवथ्यांदा पाना उचलनार. गाडी तुजी, चूक पन तुजी."

नेरळचा प्रशांत, फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत असणारा, चार नंबरसाठी हटून बसला होता. त्याच्या वहीत पंधरा दिवसांची मिळून अकरा मिनिटं निघाली. दादा म्हणाले, "अरं, या अकरा मिनटांसाठी बाकीचे पंधरा दिवस रडशील." प्रशांत ऐकेना. तीनदा झालं, चौथ्यांदा दादांनी खरंच पाना उचलला आणि चार नंबर बसवून दिला. महिन्याभरात तो परत आला. गिऱ्हाईक बसवून साइटवर जाताना गाडी भर बाजारात तीनदा बंद पडली होती, आणि उतारावर ब्रेकचं पेडल त्याला दोन्ही पायांनी दाबावं लागलं होतं. दादांनी 'मी सांगत होतो' असा एक शब्द काढला नाही. दोन नंबर बसवला, वर चहा पाजला. मला ते फार आवडलं होतं. माणसाला चुकू द्यावं आणि परत आला की दार उघडं ठेवावं, एवढी रीत मी पुष्कळ शिकलेल्या लोकांतही पाहिलेली नाही.

चहाची परीक्षा त्यांचीच. इंजिन चालू ठेवून बॉनेटवर चहाने भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा. एक नंबरला चहा नुसता शहारतो. दोनला कडेला वळ्या उठतात. तीनला चहा नाचतो, आणि चारला बॉनेटवर सांडतो. मला त्यांनी पेल्याशिवाय शिकवलं. "डोळे मिट. ठोके मोज. कुटला ठोका उशिरा येतोय ते ऐक." वर्षभर रविवारी सकाळी मी तेच करत होते. पुढेपुढे गाडी वळणावर असतानाच मी नंबर सांगायचे आणि तो बरोबर निघायचा. मग आलेल्या लोकांसमोर दादा मला उभं करत. "ही बगा आमची क्वालिटी. डोळे मिटून सांगते." लोक हसत हसत डोळे मिटलेल्या माझ्याकडे बघत असणार. मला त्याची फिकीर नव्हती. आयुष्यात मला फार गोष्टी येत नाहीत, ही येत होती.

मग मी माझ्या गाडीसाठी तीन नंबर मागितला. पंधरा दिवस वही लिहिली, मिनिटांना सेकंद जोडून. वही दोन आणि तीनच्या मध्येच कुठेतरी पडत होती. दादांनी ती दोनदा चाळली.

"दोन बस हाय गं तुला."

"मला तीन पाहिजे, दादा."

त्यांनी चष्मा उतरवला, परत घातला. "बरं," म्हणाले.

बस, एवढंच. प्रशांतला तीनदा, बाकी सगळ्यांना तीनदा, मला एकदाच. मी घरी येऊन आईला सांगितलं, त्यांनी माझं एका शब्दात ऐकलं. आई म्हणाली, कशाबद्दल? मी म्हणाले, तुला नाही कळणार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकी मी खूश होते.

कॅम बसवायच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात दिला. टोकाला ३ ठोकलेला. माझ्या पर्समध्ये मायक्रोमीटर होता. मी तो काढला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो, आणि हा आकडा मी तपासायचं मनातही आणलं नाही. गाडी चालू झाली. चहाच्या कडेला वळ्या उठल्या, चहा नाचला नाही.

"दादा, हा दोनसारखा वाटतोय."

"कॉम्प्रेशन वाढवलंय ना, आतला दाब, म्हनून शांत हाय. तीन असाच वाजतो मंग. कान बदल आता."

मी कान बदलला. तीन वर्षं मी रोज नेरळपासून खोपोलीपर्यंत ते ठोके ऐकत गेले आणि स्वतःला बजावत राहिले, हा तीन, असा असतो तीन.

पुढे एका रविवारी शेडवर सात-आठ जण होते. कर्जतच्या एकाने नवी केलेली गाडी आणली. दादा म्हणाले नाहीत, पण प्रशांत म्हणाला, "ताई, सांगा की." मी डोळे मिटले. ऐकलं. "चार," मी म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं. गाडीवाल्याने सांगितलं, तीन आहे, दादांनीच बसवलाय. पेला ठेवला तर चहा नाचत होता, सांडला नाही. मग सगळेच हसले, वाईट मनाने नव्हे, पण हसले. "क्वालिटी रिजेक्ट," एक जण म्हणाला. मी दादांकडे बघितलं. ते बाकावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी तोंडापासून काढली नाही. त्यानंतर मी कोणाचाही नंबर सांगितला नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, आता ऐकू कमी येतं.

खरं कळलं ते मागच्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात. इंजिन तेल पिऊ लागलं होतं. दादांचं पनवेलला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, शेड बंद. मी गाडी नेरळच्या रफिककडे टाकली. रफिक स्वच्छ हाताचा माणूस, कमी बोलणारा. त्याने इंजिनाचं डोकं उघडलं आणि दुपारी फोन केला, "मॅडम, जरा या."

त्याने कॅम उजेडात धरला. "ये देखो. हा तीन एका टायमाचा नाय."

मराठी दोन आणि मराठी तीन यांत काय फरक असतो ते पहिलीतलं मूल सांगेल. दोनच्या खाली आणखी एक पोट काढलं की तीन होतो. त्या आकड्याचं वरचं पोट पंचाचं होतं, एका ठोक्यातलं, काठ गोल. खालचं पोट छिन्नीच्या टोकाने बारीक बारीक मारत काढलेलं. नीट काढलं होतं. फार नीट काढलं होतं, घाईचं काम नव्हतं. मी पर्समधून मायक्रोमीटर काढला आणि आठही उंचवटे मापले. दोन नंबर होता.

मला आधी राग आलाच नाही. आधी तो रविवार आठवला, तो हसण्याचा आवाज आणि ती बशी. माझा कान बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता; दोनला तीन म्हणायला लावल्यावर खरा तीन त्याला चार वाटला. ज्याने मला ऐकायला शिकवलं, त्यानेच मला माझ्या कानावर अविश्वास ठेवायला लावलं, आणि मी त्या अविश्वासापायी चारचौघांत चुकले तेव्हा चहा पीत बसला. मग राग आला, तो आजतागायत गेलेला नाही.

कॅम पेपरात गुंडाळून मी एसटीने कुंभिवलीला गेले. काम बंदच होतं, पण दादा शेडमध्ये काळा चष्मा लावून बसले होते. मी कॅम त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी बघायचा प्रयत्नही केला नाही. टोकावरून अंगठा फिरवला, खालच्या पोटावर आला तिथे थांबला.

"कोनी उघडला?"

"रफिकने."

"चांगला मानूस हाय." मग म्हणाले, "गाडी तुजी घाटात कदी बंद पडली का?"

"नाही."

"फाटकात?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय, दादा? सगळ्यांना तीनदा सांगायचात. मला एकदाच का सांगितलंत?"

"तू आयकली नसतीस. तीनदा सांगितलं असतं, तर चवथ्यांदा मला द्यावा लागला असता." त्यांनी कॅम मांडीवर ठेवला. "नियम मोडला नाय मी."

इतक्या वर्षांत त्यांनी याचाही कायदा लावून ठेवला होता. मी ज्याला मान समजले, ती पळवाट होती.

"अजून कोणाच्या कॅमवर असं पोट काढलंत?"

"नाय."

"प्रशांतच्या?"

"तो काय, त्याचा तो बगून घेल. तू रोज एकटी जाते-येते, बाईमानूस, संध्याकाळची कुटं बंद पडली तर..." ते थांबले. शब्द निघून गेला होता. तो त्यांनाही ऐकू आला असावा, कारण हात उगाचच खिशातल्या पट्टीकडे गेला.

"आणि त्या रविवारी? सगळे हसले तेव्हा?"

त्यांनी पट्टी खिशातून काढली, शर्टाला पुसली, परत ठेवली. बाहेर टायरवाल्याची हवेची मशीन चालू होऊन बंद झाली. मी म्हणाले, "मला तीन द्या."

त्यांनी उठून कपाट चाचपत उघडलं आणि तीन नंबर काढून दिला. मी त्यांच्यासमोर बाकावर मायक्रोमीटर ठेवला आणि एकेक उंचवटा मापायला लागले. त्या शेडमध्ये त्यांचा आकडा दुसऱ्या कोणी मापायची ती पहिलीच वेळ. ते उभे होते. मी आठही मापले, आकडे वहीत लिहिले. तीन होता. "बरोबर आहे," मी म्हणाले, कंपनीत म्हणते तसंच. त्यांनी मान हलवली. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही.

तीन रफिकने बसवला. आता फाटकात गाडी थरथरते, एसी लावला की गुदमरते, बाजारातून पहिल्या गियरवर यावं लागतं. मला दोनच बरोबर होता, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. दादांची निवड कधी चुकत नसेच. प्रशांतसारखी मीही महिन्याभरात तोंड पाडून परत आले असते, त्यांनी दोन बसवला असता, चहा पाजला असता, आणि मी जन्मभर तो चहा सांगत फिरले असते. चुकून परत यायची ती मुभा त्यांनी सगळ्यांना दिली, मला दिली नाही. गाडीत तीन अजून तसाच आहे. आई म्हणते, हट्टी आहेस. आहे.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी मी कुंभिवलीला गेले. त्यांना ऐकवायला, दुसरं काही कारण नव्हतं. हायवेवरून शेडकडे वळले तेवढ्यात ते बाहेर आले. आवाजावरूनच त्यांनी ओळखलं असणार. काळा चष्मा निघाला होता, डोळ्यांत पाणी होतं, ऑपरेशनचं की कशाचं कोण जाणे. हातात स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. अंगणातल्या खड्ड्यांतून एक थेंब न सांडता ते आले, पेला माझ्या बॉनेटवर ठेवला. चहा नाचायला लागला.

मी खाली उतरले नाही. काच उघडी होती. ते खिडकीशी वाकले आणि पूर्वीसारखं, अगदी पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "डोळे मिट गं, क्वालिटी. सांग, किती?"

उत्तर मला ठाऊक होतं. ते पेल्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि वाट बघत होते. चहा हळूहळू थंड होत नाचत राहिला.

मी डोळे मिटले नाहीत.